एका पोर्टला एकच कान

पाकीट चिकटवलेलं होतं. झालं होतं ते एवढंच, आणि एवढ्याशा गोष्टीवरून शहाण्या माणसाने जीव टांगणीला लावून घेऊ नये हे त्यालाही कळत होतं. पण लॅबच्या खिडकीतून बाईंनी पाकीट पुढे केलं, त्याच्या अंगठ्याला डिंकाचा कडक पट्टा लागला आणि मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. अकरा वर्षं तो या हॉस्पिटलात होता. लॅबची पाकिटं त्याने हजारांनी पाहिली होती. झाकण आत खोचलेलं, बस्स. चिकटवत कोण बसणार? रोजची दीडशे पाकिटं आणि बाईंचे हात दोन. चिकटवायचं ते, जे दुसऱ्याच्या नजरेला पडू नये असं असतं. "घे रे तारमास्तर, तुझं एकदाचं," बाई म्हणाल्या आणि लगेच त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे वळल्या. एरवी दोन टोमणे मारल्याशिवाय त्याला खिडकीपासून हलू न देणाऱ्या बाई, आणि आज टोमणा नाही, चष्म्यावरून बघणं नाही, काही नाही. त्याने आपल्या रक्ताच्या रिपोर्टचं पाकीट शर्टाच्या खिशात घातलं. जिना उतरताना ते छातीला टोचत होतं. जिना चढताना गेले दोन महिने दम लागत होता, सकाळी दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि उजव्या हातावर सर्व्हरच्या लोखंडी मांडणीची कड लागून उठलेला निळा डाग पंधरा दिवस झाले तरी पिवळा पडायला तयार नव्हता. बाबांच्या हातावर असाच डाग होता. बाबा गेले तेव्हाच्या त्यांच्या वयाला पोचायला त्याला आता सात महिने उरले होते, आणि हा हिशेब त्याने कुणाला सांगितलेला नव्हता.

तारमास्तर हे नाव बाईंनीच पाडलेलं. लॅबच्या मागे एक खोली होती, अडगळीएवढी, कायम गार, आणि तिथे त्याचा सर्व्हर घुमत असायचा. लॅबमधलं रक्तपेशी मोजणारं यंत्र जुनं, निदान पंचवीस वर्षांचं. त्याला नव्या जमान्याची कुठलीच भाषा येत नव्हती. त्याच्या पाठीतून नऊ टाचण्यांची एक जाडजूड केबल निघायची, भिंतीतल्या भोकातून त्या खोलीत यायची आणि सर्व्हरच्या सीरियल पोर्टमध्ये घुसायची. यंत्राने एक नमुना मोजला की त्या केबलमधून अक्षरांची एक ओळ यायची: आधी नमुन्याचा नंबर, मग आकडे. त्याने लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम दिवसरात्र त्या पोर्टला कान लावून बसलेला असायचा. आली ओळ की उचल आणि लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, टाक. त्या लॉगमधून रिपोर्ट छापले जायचे. सोपं काम. नव्याने शिकायला येणाऱ्यांना तो पहिल्या दिवशी एकच नियम सांगायचा, "एका पोर्टला एकच कान. दोन लावलेत तर मरा." मुली हसायच्या, मुलगे लिहून घ्यायचे. माणसांपेक्षा त्याला ही केबल बरी वाटायची. ती चेहरा पाडत नाही, घसा खाकरत नाही, "तसं काळजीचं काही नाही" म्हणत नाही. आकडा आहे तो देते.

घरी बायको कुणाचा तरी कोट उसवत बसली होती. दोन टाचण्या ओठांत, मांडीवर अस्तर. त्याने पाकीट तिच्यापुढे धरलं. स्वतः फोडायची हिंमत नव्हती हे त्याने स्वतःलाही धड सांगितलं नाही, म्हणाला, "बघ गं, काय आहे ते." तिने कात्रीने कड कापली, कागद काढला, उठून खिडकीपाशी गेली. आणि वाचत राहिली. एका पानाचा रिपोर्ट, दहा-बारा आकडे, किती वेळ लागतो? ती वरून खाली वाचून पुन्हा वर गेली. मग ओठांतल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "सगळं ठीक आहे." तो आवाज! त्या आवाजाची घडण त्याला आतून माहीत होती. शेवटचा शब्द किंचित वर न्यायचा, लगेच दुसरा विषय काढायचा. "आता तरी नीट जेवा," ती म्हणाली. अगदी असंच. सतराव्या वर्षी त्याने स्वतः हेच केलं होतं, आणि फार सफाईने केलं होतं.

तेव्हा बाबांचा रिपोर्ट आणायला तो काकांबरोबर गेला होता. तो रिपोर्ट काकांनी रस्त्यातच फोडला, वाचला आणि फुटपाथच्या कडेला बराच वेळ नुसते उभे राहिले. मग त्याला घेऊन आपल्या ऑफिसात गेले. तिथे एक टायपिस्ट होता, दोन बोटांनी टाइप करणारा. काका एकेक आकडा सांगत गेले, चांगले, गुटगुटीत आकडे, आणि तो बडवत गेला. पांढऱ्या पेशी सात हजार. "तू नेऊन दे," काका म्हणाले. "माझ्या हातून घेतला तर दादा माझ्या तोंडाकडे बघेल. तुझं तोंड अजून कोरं आहे." बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका हुडकण्यात गेलेलं, त्यामुळे किराणा दुकानाची पावतीसुद्धा बोट फिरवत वाचायची सवय. तो कागदही त्यांनी तसाच वाचला, बोट ओळीखालून सरकत होतं, आणि एका ठिकाणी ते थांबलं. कुठे, का, ते त्याला दिसलं नाही, कारण तो तेव्हा त्यांच्या चपलांकडे बघत होता. "तू वाचलंस?" बाबांनी विचारलं. "हो." "सगळं ठीक आहे?" "हो बाबा." "मग झालं," बाबा म्हणाले, कागदाची चौघडी करून खिशात ठेवली आणि कामाला गेले. चार महिन्यांनी वारले. त्या चार महिन्यांत घरात सगळे इतके गोड वागत होते की शेजारच्यांनाही शंका यावी. बाबांना कळलं होतं की नाही, हा प्रश्न त्याने काकांना कधी विचारला नाही, आईला तर नाहीच. एकतीस वर्षं तो प्रश्न घशात अडकल्यासारखा होता, गिळला जात नव्हता आणि खाकरून काढताही येत नव्हता.

"द्या इकडे," म्हणत त्याने बायकोच्या हातातून कागद घेतला. घाबरला की तो उगाच 'द्या' म्हणतो याची तिला सवय होती. पांढऱ्या पेशी सात हजार दोनशे. हिमोग्लोबिन जरासं कमी. बाकी सगळं चोख. आणि मग त्याला ते टिंब दिसलं. दशांश टिंबाच्या आधी एक मोकळी जागा सुटली होती. एका ठिकाणी नाही, दोन ठिकाणी. रिपोर्टचा साचा त्याने स्वतः बांधला होता, एकेक टिंब एकाखाली एक यावं म्हणून तीन दिवस घालवले होते, बाई तेव्हा म्हणाल्यासुद्धा होत्या की एवढं तर तुझं लग्न जमवताना पाहिलं नसेल. त्याचा प्रोग्रॅम टिंबाआधी जागा सोडत नाही, सोडूच शकत नाही. म्हणजे हा रिपोर्ट लॉगमधून आलेला नव्हता. कुणीतरी बसून तो हाताने टाइप केला होता. त्याच्या कानात ठक, ठक, दोन बोटं वाजायला लागली. बायको कोटाकडे परतली होती, सुईत दोरा ओवत होती, आणि दोरा जात नव्हता. हात कापतोय हिचा, त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तो आठाच्या आधी खोलीत होता. रक्त शुक्रवारी दिलेलं, म्हणून शुक्रवारचा लॉग उघडला. त्याचा नमुना चारशे सतरा. चारशे सोळा होता, चारशे अठरा होता, मधे काही नाही. कुणी ओळ खोडली की फाइलमध्ये खळगा राहत नाही, वरची आणि खालची ओळ गुपचूप एकमेकींना चिकटतात, जणू मधे कधी कुणी नव्हतंच. तो त्या दोन ओळींमधल्या जागेकडे बघत राहिला. पंख्यांची घरघर चालली होती, पाठीवर गार हवा येत होती, आणि तरी त्याच्या कानशिलांवर घाम होता. खरं म्हणजे त्याने तेव्हाच आणखी चार पानं मागेपुढे चाळायला हवी होती. एक ओळ गायब दिसली तर आधी बाकीच्या मोजाव्यात, हे तोच तर शिकवायचा. पण घाबरलेला माणूस फक्त आपलाच नंबर शोधतो. सर्व्हरचा पासवर्ड दोघांनाच माहीत होता, त्याला आणि बाईंना. त्याने खोडली नव्हती. उरलं कोण?

"बाई, चारशे सतरा लॉगमध्ये नाही," तो लॅबच्या दारात उभा राहून म्हणाला. आवाज सहज ठेवायचा होता, पण तो फाटला. बाई काचेच्या नळ्या लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "नसेल. तुझा सर्व्हर गेले काही दिवस अर्धं गिळतोय. शुक्रवारी सांगितलं ना तुला, तोतरं बोलतोय म्हणून? जे येत नाही ते मी पट्टीवरून बघून टाइप करते. दोन वर्षं राहिली माझ्या निवृत्तीला, त्यात आता हा टंकलेखनाचा उद्योग." पट्टी म्हणजे यंत्राच्या तोंडातून निघणारी कागदाची अरुंद गुंडाळी. केबल काही बोलो न बोलो, यंत्र आपला आकडा तिच्यावरही छापायचं. आणि हो, शुक्रवारी बाई असं काहीतरी म्हणाल्या होत्या, त्याला आठवलं. पण तेव्हा नुकतंच रक्त दिलेलं, दंडाला कापूस लावलेला, त्याचं लक्ष नव्हतं. आता वाटलं, बघा, सबब कशी शुक्रवारपासूनच पेरून ठेवली. "पट्टी आहे?" "खोक्यात आहे, घे की शोधून. मला वेळ नाही." तो खोक्याकडे गेला नाही. कागदावरचा त्याचा विश्वास सतराव्या वर्षीच उडाला होता. मग बाई हसल्या, आणि ते हसू त्याला मुळीच आवडलं नाही. "बायकोला सांग, आता तरी सुखाने झोप म्हणावं. तीन फोन केले तिने मला. तीन!"

दिवसभर त्या तीन फोनांनी त्याचं डोकं कुरतडलं. कँटीनमध्ये डॉक्टरांनी त्याला बघून हात हलवला. कधी नव्हे तो. दुपारी हिशेबनीस बाईने त्याला स्वतःची खुर्ची दिली. का? अशी सगळी माणसं एकदम चांगली कशी झाली? लिफ्टमध्ये आरसा होता, त्यात त्याने ओठ वर करून हिरड्या बघितल्या, आणि तेवढ्यात दार उघडलं, बाहेर उभ्या असलेल्या दोन नर्स एकमेकींकडे बघून गप्प झाल्या. गप्प झाल्या की आधीपासूनच गप्प होत्या? संध्याकाळी घराचा जिना चढताना त्याने पायऱ्या मोजल्या आणि दम कुठल्या पायरीला लागतो ते लक्षात ठेवलं. अकराव्या. काल तेराव्या लागला होता. दाराशी उभं राहून त्याने आतला आवाज ऐकला. बायको फोनवर कुणाला तरी हळू आवाजात म्हणत होती, "नाही, अजून यांना काही सांगितलं नाही." त्याने किल्ली फिरवली तसा फोन बंद झाला.

"काय सांगितलं नाहीस?" त्याने चप्पलसुद्धा काढली नव्हती. "अहो, हळू. कोटवाल्या बाईंचा फोन होता. त्यांच्या कोटाचं अस्तर तुमच्या त्या जुन्या रेशमी शर्टाचं लावतेय, ते तुम्हाला सांगितलं नाही." इतकी हास्यास्पद सबब खरी असू शकते हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. "लॅबच्या बाईंना तीन फोन कशाला केलेस?" "रिपोर्ट लवकर द्या म्हणून. घरात तुमच्याबरोबर राहणं मुश्कील झालं होतं म्हणून." "तू खोटं बोलतेयस."  बावीस वर्षांच्या संसारात त्याने हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं, म्हणायचं धैर्य नव्हतं असं नाही, गरजच पडली नव्हती. "कागद तुमच्या हातात दिला ना मी?" "कागद!" तो म्हणाला. "कागद कुणीही करतं. मशीन खोटं बोलत नाही, आणि मशीनमध्ये माझी ओळ नाही." "मशीन बोलणार नाही खोटं," ती म्हणाली, "त्याला कुणाशी संसार करायचा नसतो." म्हणजे कबूलच केलं की! असं त्याला वाटलं. ती मात्र रडत होती, आणि रागाने रडत होती, कोटाची बाही फाडून काढावी तशी ओढत होती. "एवढं असेल तर दुसरीकडे जाऊन पुन्हा रक्त द्या. पण माझ्याकडे असं चोरासारखं बघू नका." दुसरीकडे जायचं त्याच्या मनात तीनदा येऊन गेलं होतं. गेला नव्हता. तिथला आकडा खरा निघाला तर मग लपवलेलं काही उरणार नव्हतं, आणि त्याला तर खरं हवं होतं, नाही का? हवं होतं की नुसतं पकडायचं होतं कुणाला तरी? हा प्रश्न त्याच्या मनात उभा राहिला, आणि त्याने तो बसवला.

बुधवारी सकाळी त्याने सापळा लावायचं ठरवलं. त्या केबलपाशी आणि त्या फाइलपाशी कोण कोण जातं, यावर पाळत ठेवायची. चोर सापडला की त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं आणि विचारायचं, किती दिवस उरलेत माझे? पाळतीचं पहिलं पाऊल म्हणून त्याने सर्व्हरलाच विचारलं, या घडीला सीरियल पोर्ट कुणाकुणाच्या हातात आहे? हा प्रश्न त्याने कित्येक वर्षांत विचारला नव्हता, कारण उत्तर ठरलेलं होतं, एकच नाव यायचं, त्याच्या प्रोग्रॅमचं. पडद्यावर दोन ओळी आल्या. पहिली प्रोग्रॅमची. दुसरी ओळ म्हणत होती की आणखी कुणीतरी पोर्टला कान लावून बसलंय, मागच्या गुरुवारी दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांपासून. सापडला, त्याला वाटलं, आणि पोटातून एक घाणेरडा आनंद वर आला. मग त्याने पुढचा रकाना वाचला. लावणाऱ्याचं नाव. ते त्याचंच होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. गुरुवारी केबल पोर्टला घट्ट धरणारा स्क्रू सैल झाला होता, अधूनमधून अक्षरं गळत होती. त्याने रीतीप्रमाणे आपला प्रोग्रॅम थांबवला, एका शब्दाची आज्ञा देऊन पोर्टमधून येईल ते अक्षर जसंच्या तसं एका तात्पुरत्या फाइलमध्ये पडत राहील असं केलं, पडद्यावरची खिडकी बंद केली तरी ते चालू राहील अशी सोय केली, आणि स्क्रू आवळला. सगळं सुरळीत दिसलं. तेवढ्यात बायकोचा फोन आला. "उद्या तरी रक्त देणार आहात का? की पुन्हा काहीतरी काढाल?" देतो, देतो, म्हणताना त्याचा तळहात ओला झाला होता हे त्याला आता स्पष्ट आठवलं. फोन ठेवून त्याने प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि जेवायला गेला. तात्पुरता कान काढायचा राहिला. एका पोर्टला दोन कान! पहिल्या दिवशी पोरांना सांगायची गोष्ट. दोघांना एकच ऐकू येतं असं पोरांना वाटतं, म्हणून सांगावं लागतं. पोर्टमधलं अक्षर एकदाच उचलता येतं. एका ताटात दोघं जेवायला बसले की ज्याच्या हाताला जो घास लागला तो त्याचा, दुसऱ्याला त्याचा पत्ताही नाही. सहा दिवस त्याचा विसरलेला कान लॉगच्या तोंडचे घास काढून घेत होता. बाई बरोबर म्हणाल्या होत्या, सर्व्हर तोतरा झाला होता. आणि त्याला तोतरा करणारा तारमास्तर बाईंवर पाळत ठेवायला निघाला होता.

त्याने दुसरा कान काढला. मग ती तात्पुरती फाइल उघडली. अर्धवट ओळी, शेंड्याबुडख्याचे तुकडे, मधेच एखादी अख्खी. अख्ख्यांमध्ये चारशे सतरा होती. पांढऱ्या पेशी सात हजार दोनशे, हिमोग्लोबिन जरासं कमी, रिपोर्टमध्ये होतं तेच सगळं, फक्त टिंबाआधी जागा नव्हती. तो हसला. खोलीत एकटाच, मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. थकवा हा थकवा होता, हिरड्या या हिरड्या होत्या, डाग हा लोखंडाचा होता. त्याने बायकोला फोन लावला. "पाकीट खरं होतं," तो म्हणाला. पलीकडे शिलाईचं यंत्र थांबलं. "तेच सांगतेय मी तीन दिवस." "मग इतका वेळ वाचत का होतीस?" "चष्मा नव्हता हो डोळ्यांवर! दोनदा वाचावं लागलं. सुईत दोरा जात नव्हता ते दिसलं नाही का तुम्हाला?" दिसलं होतं. सगळं दिसलं होतं, आणि प्रत्येक गोष्टीचा त्याने भलताच अर्थ लावला होता. तो माफ कर म्हणाला. ती म्हणाली, घरी या, मग बघू.

फोन ठेवल्यावर सवयीने त्याने दोन्ही फाइली शेजारी शेजारी लावल्या, वेळेच्या क्रमाने तुकडे जोडायला घेतले. अर्धवट ओळी प्रोग्रॅमने बाजूला टाकलेल्या होत्या, बाईंनी त्या पट्टीवरून भरून काढल्या होत्या, तेव्हा नुकसान काही नाही, असं तो मनात म्हणत होता, आणि चारशे एकतीसपाशी त्याचा हात थांबला. लॉगमध्ये ती ओळ अख्खी होती, घाट अगदी बरोबर, नंबर, मग आकडे, पांढऱ्या पेशी सहा हजार आठशे. पण तात्पुरत्या फाइलमध्ये त्याच क्षणी पडलेला एक तुकडा होता. त्यात आधी आकडे होते, मग ओळ संपत होती, मग नवा नंबर, चारशे बत्तीस, आणि पुढे काही नाही. त्याला समजायला वेळ लागला नाही, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं. चारशे एकतीसचा नंबर लॉगला मिळाला, त्याचे आकडे आणि पुढचा नंबर त्याच्या कानाने गिळले, आणि चारशे बत्तीसचे आकडे जाऊन चारशे एकतीसला चिकटले. ओळ दिसायला निर्दोष. प्रोग्रॅमने घेतली, छापली, बाईंनी पाकिटात घातली. गिळलेल्या तुकड्यातल्या पांढऱ्या पेशी एक्क्याण्णव हजार होत्या.

तो लॅबमध्ये गेला आणि न विचारता खोकं उपडं केलं. पट्टीची गुंडाळी फरशीवर उलगडत गेली. बाई ओरडल्या, मग त्यांनी त्याचं तोंड बघितलं, आणि दोघंही गुडघ्यांवर बसून शुक्रवार शोधायला लागले. चारशे एकतीस, एक्क्याण्णव हजार. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा वाचलं. "अरे देवा. याला आपण सगळं ठीक म्हणून दिलं." "आपण नाही. मी," तो म्हणाला. "दोन कान राहिले माझे."  या खेपेलाही बाईंनी टोमणा मारला नाही, आणि आता मात्र त्याला तो हवा होता. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, मग त्या माणसाच्या घरी. ताबडतोब या, म्हणाल्या, रिपोर्टमध्ये चूक आहे. फोन ठेवून त्या उरलेले तुकडे तपासायला बसल्या, अशी दुसरी ओळ निघू नये म्हणून, आणि त्याने एकेक नंबर वाचून दाखवला. दुसरी निघाली नाही. टेबलावर नव्या पाकिटांचा गठ्ठा होता. झाकणावरची कागदी पट्टी ओढली की आपोआप चिकटणारी. "सोमवारी आली ही," त्याने बघितलेलं बघून बाई म्हणाल्या. "का रे?" "काही नाही," तो म्हणाला. काकांनी निदान जाणूनबुजून केलं होतं, भावाच्या मायेपोटी. त्याने एका अनोळखी माणसाला तोच कागद दिला होता आणि स्वतःचं नाव शोधत तीन दिवस घालवले होते. आपल्याला कोण फसवतंय, आपल्याला! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

चारशे एकतीस डॉक्टरांच्या आधी पोचला. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, पन्नाशीचा, रुंद पंजे, नखांच्या कडांना न जाणारं वंगण. मुलगी बरोबर होती, तिला त्याने बाहेरच्या बाकावर बसवलं. बाई हळूच म्हणाल्या, "बसव त्यांना, चहा पाज, डॉक्टर येईपर्यंत काही बोलू नकोस." पण तो माणूस बसला आणि सरळ म्हणाला, "चूक काय झाली?" दारापाशी चपला काढायची सवय असावी, अनवाणीच बसला होता. तारमास्तराने ठरवून त्याच्या पायांकडे बघितलं नाही. "सोमवारचा रिपोर्ट तुमचा नव्हता," तो म्हणाला. "आकडे दुसऱ्याचे होते. चूक माझी आहे, मशीनची नाही, बाईंची नाही. हा तुमचा." त्याने पट्टीचा तुकडा पुढे ठेवला. "आजार कुठला, पुढे काय, ते डॉक्टर सांगतील, ते मला कळत नाही. पण पांढऱ्या पेशी खूप वाढल्यात. काळजीचं काही नाही असं मी म्हणणार नाही." माणसाने पट्टी उचलली, लांब धरली, आकड्याखाली अंगठा ठेवला. "तुम्ही स्वतः वाचलंत?" "हो. तीनदा."

माणसाने पट्टी मुठीत मिटली. मग म्हणाला, "मला ठाऊक होतं हो." "कसं?" "अंग माझं आहे. लिफ्टचा दोर आतून तुटायला लागला की तपासणीचा कागद काहीही म्हणू दे, हाताला कळतं. पण सोमवारी पोरगी पाकीट घेऊन आली, म्हणाली बाबा, मी वाचलंय, सगळं ठीक आहे. तिचं तोंड बघितलं आणि म्हटलं, मग झालं. कामाला गेलो. कागदासाठी नाही, तिच्यासाठी." मग झालं. तारमास्तराने टेबलाची कड धरली. बाबांचं बोट एका जागी थांबलेलं त्याला आत्ता, या खुर्चीत, पहिल्यांदा दिसलं. तिथे टिंबाच्या आधी जागा सुटलेली असणार. आयुष्यभर मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला दोन बोटांनी टाइप केलेला कागद ओळखू येणार नाही होय? कळलं होतं त्यांना. तिथेच, त्याच क्षणी. आणि समोर पोरगा चपलांकडे बघत उभा होता, म्हणून ते मग झालं म्हणाले. चार महिने ते एकटे होते, आणि घरातली सगळी माणसं त्यांच्याशी गोड बोलत होती. त्याला रडू आलं, आणि परक्या माणसासमोर आलं याची लाज वाटली नाही. माणूस चमकून म्हणाला, "अहो, तुम्ही कशाला? आजारी मी आहे."

मग तो पुढे वाकला आणि आवाज खाली आणला. "एक करा. तिला आत्ता काही सांगू नका. बाहेर जाऊन नुसतं म्हणा, थोडं कमीजास्त आहे, औषधाने बरं होईल. तुम्ही सांगितलं तर तिला खरं वाटेल." तारमास्तराने डोळे पुसले. "नाही," तो म्हणाला. "सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, तो तुमचा हक्क आहे. पण तो निरोप माझ्या तोंडून जाणार नाही. मी एकदा नेलाय तसला निरोप. नेणारा आयुष्यभर नेतच राहतो." माणूस त्याच्याकडे रागाने बघत होता, आणि त्याचा राग रास्त होता. तेवढ्यात दार ढकलून मुलगी आत आली. सतरा-अठराची असेल, पाण्याची बाटली दोन्ही हातांनी धरलेली. तिने आधी वडिलांकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग बाईंकडे, एकेकाचं तोंड तपासत. "बाबा, काय झालं?"  तारमास्तराने आपली खुर्ची तिच्यासाठी ओढली आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. माणसाची मूठ पट्टीवर मिटलेली होती. ती हळूहळू उघडली. त्याने तो चुरगळलेला कागद टेबलावर हाताने सपाट केला आणि मुलीकडे सरकवला.

"तू वाच," तो म्हणाला. "मोठ्याने वाच. मी ऐकतो."